फोर्ट्रान आणि प्रोग्रॅमरच्या मनातली अढी

नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायची म्हटले की मुरलेला प्रोग्रॅमर का-कू करतो, आणि आळस किंवा हट्ट असे नाव देऊन लोक त्याला मोडीत काढतात. संगणकाच्या इतिहासात ही अढी पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती १९५० च्या दशकात, अमेरिकेत, आयबीएमच्या यंत्रांवर काम करणाऱ्या मंडळींमध्ये. तिथे काय घडले ते बारकाईने पाहिले तर आळसाचा आरोप टिकत नाही. ती माणसे नाखूष होती त्याला सबळ कारण होते. ते कारण दूर झाल्यावर एकदीड वर्षात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी नवी भाषा आपणहून उचलली.

तेव्हाचा प्रोग्रॅमर यंत्राच्या एकेका आज्ञेचा हिशेब ठेवत असे. कोणती संख्या स्मृतीच्या कोणत्या घरात ठेवायची, कोणते रजिस्टर कधी मोकळे करायचे, हे सारे त्याच्या डोक्यात असे. आयबीएम ७०१ या यंत्राला अपूर्णांकांचे गणित थेट करता येत नसल्याने दशांशचिन्ह कुठे सरकले याचाही माग त्यालाच काढावा लागे. हे ओझे हलके करणाऱ्या प्रणाली निघाल्या होत्या. पुढे फोर्ट्रान घडवणारे आयबीएमचे जॉन बॅकस यांचीच ‘स्पीडकोडिंग’ ही १९५३ सालची प्रणाली त्यातली एक. पण अशा प्रणालींमुळे यंत्र पाच ते दहा पट हळू चाले, आणि यंत्राचा प्रत्येक तास महाग होता. त्यात नव्या ७०४ यंत्रात अपूर्णांकांचे गणित यंत्रातच बसवले होते, त्यामुळे हा मंदपणा झाकायला जागाच उरली नाही. ‘यंत्र स्वतः प्रोग्रॅम लिहील’ अशी आश्वासने ऐकून ऐकून हे लोक विटले होते. तेव्हा त्यांचा अविश्वास अनुभवातून आलेला होता. त्यात अभिमानही होता, हे नाकारायचे कारण नाही. आपल्याला अवगत असलेली विद्या चारचौघांना येत नाही याचे सुख त्यांना होते आणि बॅकस यांनी पुढे त्या काळच्या प्रोग्रॅमरांना पुरोहितवर्गाची उपमा दिली. पण अभिमान हेच मुख्य कारण असते, तर पुढे जे घडले ते घडलेच नसते.

१९५३ च्या अखेरीस बॅकस यांनी आयबीएममधले आपले वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना पत्र लिहून ७०४ साठी नवी प्रणाली करण्याची परवानगी मागितली. मुद्दा खर्चाचा होता: संगणक चालवण्याच्या एकूण खर्चापैकी पाऊण वाटा प्रोग्रॅम लिहिण्यात आणि त्यातल्या चुका काढण्यात जाऊ शकतो, असा त्यांच्या गटाचा अंदाज होता. आयबीएमचे सल्लागार जॉन फॉन नॉयमन यांना अशा प्रणालीची गरज पटली नाही, तरी हर्ड यांनी मान्यता दिली. ही नवी प्रणाली म्हणजेच फोर्ट्रान. नोव्हेंबर १९५४ मध्ये तिचा प्राथमिक अहवाल निघाला आणि बॅकस व त्यांचे सहकारी ७०४ च्या ग्राहकांना भेटून माहिती देऊ लागले. बहुतेक ठिकाणी ऐकणाऱ्यांनी मान डोलावली नाही. खुद्द गटातल्या हार्लन हेरिक यांनाही आपल्यासारख्या कसलेल्या प्रोग्रॅमरची बरोबरी यंत्र करील हे आधी पटत नव्हते. या अविश्वासाशी वाद घालत न बसता बॅकस यांच्या गटाने तोच आपला मापदंड मानला. भाषा दिसायला कशी असावी हा प्रश्न त्यांनी दुय्यम ठरवला. खरी मेहनत घेतली ती कंपायलरने, म्हणजे त्या भाषेतला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, काढलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडइतका चपळ व्हावा यासाठी.

ही मेहनत जवळून पाहण्याजोगी आहे. ७०४ मध्ये इंडेक्स रजिस्टर तीनच होते. कसलेला प्रोग्रॅमर आधी कोणता भाग सर्वांत जास्त वेळा फिरणार ते ओळखी आणि रजिस्टर तिथे राखून ठेवी. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या लॉइस हेट यांनी कंपायलरच्या ज्या भागाचे काम केले तो नेमके हेच करी: प्रोग्रॅममधल्या वाटांवरून यादृच्छिक निवडीने लटक्या फेऱ्या मारून कोणता तुकडा किती वेळा चालेल याचा अंदाज बांधी. त्या अंदाजावर रजिस्टरांची वाटणी करण्याचे काम शेल्डन बेस्ट यांच्याकडे होते. कंपायलर अशा काही अनपेक्षित युक्त्या करी की गटातल्या माणसांनाच आधी त्या चुका वाटत. सुमारे २५,००० आज्ञांचा हा कंपायलर उभा करायला एका माणसाची अठरा वर्षे भरतील इतके श्रम गेले.

फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत या गटाने एक उदाहरण मांडले. एका प्रोग्रॅमरने एका दिवसाचे शिक्षण आणि थोडेसे पुस्तक-वाचन एवढ्या भांडवलावर चार तासांत ४७ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. यंत्राने सहा मिनिटांत त्याच्या सुमारे हजार आज्ञा केल्या. उत्तर चुकले. चूक त्याला आपल्याच एका ओळीत सापडली. ती बदलून पुन्हा चालवल्यावर उत्तर बरोबर आले. हाताने हेच काम करायला तीन दिवस लागले असते, चुका शोधण्याचा वेळ वेगळा, आणि एवढे करून वेगात म्हणण्यासारखा फरक पडला नसता, असे त्याचे मत होते. या साऱ्यात मला शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते, कारण ज्या एका गोष्टीवर सगळा अविश्वास उभा होता तिलाच ते उत्तर देते. एप्रिल १९५७ मध्ये वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेत कंपायलरच्या कार्डांचा गठ्ठा पोचला. तिथल्या मंडळींनी प्रोग्रॅम घातला, तेव्हा एका ओळीत कंसानंतर स्वल्पविराम राहिल्याचे यंत्राने नेमके दाखवले. स्वल्पविराम घातला आणि २८ पाने उत्तरे छापून आली. एप्रिल १९५८ मध्ये ७०४ च्या २६ केंद्रांची पाहणी झाली तेव्हा त्यांतली निम्म्याहून अधिक केंद्रे आपले निम्म्याहून जास्त काम फोर्ट्रानमध्ये करत होती. त्याच वर्षी आलेल्या फोर्ट्रान-२ मध्ये हाताने लिहिलेले जुने तुकडे नव्या प्रोग्रॅमला जोडण्याची सोय झाली. जन्मभराची कमाई फेकून द्यावी लागणार नाही, हे कळल्यावर उरलीसुरली धास्ती कमी झाली.

यावर कोणी म्हणेल की ही सारी आयबीएमची ताकद. कंपायलर यंत्राबरोबरच मिळत होता, लोक दुसरे काय करणार? आक्षेप वजनदार आहे, पण पुढचा इतिहास त्याच्या विरुद्ध जातो. त्याच आयबीएमने १९६० च्या दशकात, बाजारावरची पकड अधिकच घट्ट असताना, फोर्ट्रान आणि कोबोल या दोन्हींची जागा घेण्यासाठी पीएल/वन ही भाषा आणली. तिला वापरणारे मिळाले, पण फोर्ट्रानवाले हलले नाहीत. विद्वानांचा पाठिंबाही पुरेसा ठरला नाही. अल्गोल ६० या भाषेची रचना अधिक शिस्तशीर होती, तिच्या समितीत बॅकस स्वतः होते. तरी आयबीएमच्या ग्राहकांची ‘शेअर’ ही संघटना आधी अनुकूल असूनही फोर्ट्रानलाच धरून राहिली. तोवर त्यांच्याकडे चालते प्रोग्रॅम भरपूर साठले होते. दुसरा आक्षेप असा की जुने प्रोग्रॅमर बदलत नाहीत, नवी पिढी त्यांची जागा घेते. यात तथ्य आहे: फोर्ट्रानमुळे अनेक अभियंते आणि शास्त्रज्ञ मध्यस्थाविना स्वतः प्रोग्रॅम लिहू लागले. पण एका वर्षात पिढी बदलत नाही. १९५८ च्या पाहणीतल्या त्या केंद्रांत बरीचशी माणसे जुनीच असणार.

भारतातले चित्र या तर्काला दुसऱ्या बाजूने दुजोरा देते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० पासून कामाला लागला. त्यावर प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत लिहीत. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला आणि वै. राजारामन यांच्यासारखे शिक्षक फोर्ट्रान शिकवू लागले. पुढच्या वर्षी मुंबईत सीडीसी ३६०० हा संगणक आला. मोडायला जुनी सवय असलेली माणसे इथे मोजकीच होती. शिकणाऱ्या बहुतेकांची ती पहिलीच भाषा, त्यामुळे अढीचा प्रश्नच फारसा उद्भवला नाही.

सर्वांत बोलका पुरावा बॅकस यांच्याच पुढच्या आयुष्यात आहे. १९७७ चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी आपल्याच फोर्ट्रानसारख्या भाषांवर कडक टीका केली आणि एफपी ही सर्वस्वी वेगळ्या घाटाची भाषा मांडली. तेच बॅकस, तीच आयबीएम, शिवाय आता जगभर नाव. विचार म्हणून तिचा प्रभाव पडला. पण तेव्हाच्या यंत्रांवर तिचा वेग सिद्ध झालेला नव्हता आणि फोर्ट्रानमधले साठलेले काम तिच्यात नेण्याची वाटही नव्हती. एफपी प्रयोगशाळेबाहेर फारशी पोचली नाही. बॅकस २००७ मध्ये वारले. फोर्ट्रानचे ताजे आंतरराष्ट्रीय प्रमाण २०२३ सालचे आहे.