वादळात रीळ बदलू नका

1994 चा एप्रिल. दक्षिण मोरोक्को, सहारा. तुमच्या गळ्यात दोन कॅमेरे आहेत, एकाला वाइड लेन्स, दुसऱ्याला टेली. इथे उघड्यावर लेन्स बदलायची नसते. मागच्या बाजूला स्क्रीन शोधू नका, ती नाही. 36 फोटो झाले की रीळ संपलं. जीपच्या आडोशाला बसा, काळ्या पिशवीत हात घाला आणि नवं रीळ भरा. सावकाश. फिल्मच्या डबीच्या तोंडाशी वाळूचा एक कण अडकला तरी अख्ख्या रिळावर ओरखडा उठतो. कोरड्या हवेत रीळ भराभर गुंडाळलंत तर स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर उमटतात. बिघडलेलं काय ते कळणार थेट लॅबमध्ये.

तुम्ही जिचे फोटो काढायला आलाय त्या वाळवंटातल्या धावण्याच्या शर्यतीचं नाव मॅरेथॉन दे साब्ल. पॅट्रिक बोएर या फ्रेंच माणसाने 1984 मध्ये अल्जीरियातलं वाळवंट एकट्याने पायी तुडवलं आणि 1986 मध्ये ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी धावले 23 जण. आठवड्याचं जेवण ज्याचं त्याने पाठीवर वाहायचं. आयोजकांकडून मिळतं मोजून पाणी आणि रात्रीपुरता तंबू.

फोटो काढताना कॅमेऱ्याच्या लाइट मीटरवर भिस्त ठेवू नका. लख्ख वाळू बघून तो बिचकतो, प्रकाश कमी करतो. मग वाळू मळकट येते आणि माणसं काळी. एक स्टॉप प्रकाश जास्त द्या. दुपारी टेली ठेवून द्या, तापलेल्या हवेत माणसांच्या कडा विरघळतात. टेकडीवरचा एकटा ठिपका सगळेच टिपतात. मला विचाराल तर संध्याकाळी डॉक्टरांच्या तंबूत जा. तिथे फोडांनी सोललेली पावलं रांगेत असतात, आणि त्यांचे मालक चक्क हसत असतात.

चौथा टप्पा, सगळ्यात लांब. समोरून माउरो प्रॉस्पेरी येतोय. इटलीचा पोलीस, पेंटॅथलॉनपटू. तुम्ही पुढच्या काळातून आलाय, त्यामुळे त्याचं काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. हाक मारायला तोंड उघडता, पण बोट आधी शटरवर जातं. एक, दोन, तीन फ्रेम. तो गेला.

मग क्षितिज पिवळं पडतं. वाळू गालांवर सुयांसारखी टोचते. कॅमेरे प्लास्टिकमध्ये गुंडाळून तुम्ही जीपच्या काचा लावून घेता. बाहेर जे घडतंय, ज्यासाठी हे वर्ष लोकांच्या लक्षात राहणार आहे, त्याचा एकही फोटो तुमच्याकडे नाही.

वादळात प्रॉस्पेरी वाट चुकतो. ते ओसरल्यावर हेलिकॉप्टर त्याला शोधायला निघतं. प्रॉस्पेरी ते बघतो, इशाऱ्याचा बाण उडवतो. वैमानिकाला तो दिसत नाही. वटवाघळांचं रक्त पिऊन तो तगतो. नऊ-दहा दिवसांनी, सीमेपलीकडे अल्जीरियात, भटक्या लोकांच्या वस्तीशी पोचतो तेव्हा त्याचं वजन 15 किलोंहून जास्त घटलेलं असतं. तोवर पदकं वाटून झालेली असतात, आणि तुमची रिळं युरोपात पोचलेली.