भोवऱ्यात सर्वात जास्त वेग कुठे असतो?

मी शहाद्याचा. उन्हाळ्यातली वावटळ आणि तापीतला भोवरा, दोन्ही ओळखीचे. दोघांसाठी एक सोपं गणिती मॉडेल आहे: रँकिन भोवरा. यात खोली-उंची सोडून प्रवाह सपाट, म्हणजे द्विमितीय मानतात. गाभ्यात केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की वेगही दुप्पट. गाभ्याबाहेर अंतर दुप्पट, तर वेग निम्मा. म्हणजे केंद्रात वेग शून्य आणि गाभ्याच्या कडेला सर्वात जास्त!

चक्रीवादळाचंही ढोबळमानाने असंच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. अशा वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा पडतो. मोबाईलच्या नकाशावरही मधला भाग शांत दिसतो. तरी बाहेर पडू नका. दुसरी कड अजून यायची असते, तीही उलट दिशेच्या वाऱ्यासह.