परोपजीवी गांधीलमाशी : यजमानशोध

दुसऱ्या कीटकाच्या (यजमानाच्या) अंड्यात, अळीत किंवा कोषात आपली अंडी घालणाऱ्या, मुंग्या-मधमाश्यांच्याच गणातील माश्यांचा मोठा समूह. गोचीड किंवा ऊ यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर जगते. या माशीची अळी मात्र यजमानाला आतून खाऊन संपवते. बहुतेक जाती इतक्या लहान असतात, की शेतकऱ्याला त्या चिलटे वाटतात. भिंतीवर मातीचे घर बांधून त्यात बधिर केलेल्या अळ्या भरणारी कुंभारीण या नोंदीत येत नाही, कारण ती भक्ष्य उचलून घरट्यात नेते.

शोधाचे टप्पे : आधी यजमानाचे राहण्याचे ठिकाण, मग खुद्द यजमान, मग त्याची पारख आणि शेवटी त्याची योग्यता, असा क्रम अभ्यासक मांडतात. लपून राहण्यातच यजमानाचे हित असल्याने तो नजरेला सहसा पडत नाही. माशीला आधार मिळतो तो त्याने मागे ठेवलेल्या खुणांचा : विष्ठा, लाळ, पतंगाच्या पंखांवरून गळलेले खवले, कुरतडलेल्या पानाचा वास. टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी १९९० मध्ये दाखवले, की अळीने खाल्लेली मक्याची रोपे वेगळे गंध सोडतात आणि कोटेशिया प्रजातीतील माशी त्या गंधामागे येते. नुसते कापलेले पान तेवढे उपयोगी पडत नाही. अळीची लाळ लागावी लागते. ही झाडाची कमावलेली युक्ती की जखमेचा केवळ परिणाम, यावर मतभेद आहेत. एकदा यश मिळालेला गंध लक्षात ठेवून माशी पुढच्या वेळी त्याच्याकडे वळते, हेही प्रयोगांतून दिसले आहे.

भातातील अंडी-परोपजीवी : उल्हास खोऱ्यातील बदलापूर–वांगणी–नेरळ पट्ट्यात खरिपात भात हेच मुख्य पीक; या पट्ट्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पुढे कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. येथील पावसाळी भाताचा नेहमीचा शत्रू पिवळा खोडकिडा. लावणीनंतर त्याने गाभेमर होते, पोटरीनंतर दाणे न भरलेली पांढरी पळींज उभी राहते. मादी पतंग पानाच्या शेंड्याकडे अंड्यांचा पुंजका घालते आणि आपल्या शेपटीकडचे पिवळट-तपकिरी केस त्यावर चिकटवते. भिंगाखाली हा पुंजका पानावर चिकटलेल्या लोकरीच्या गोळ्यासारखा दिसतो. शोध लागला तरी या केसांमुळे काम अर्धेच होते, आणि तीन माश्यांनी त्यावर तीन वाटा काढल्या आहेत.

ट्रायकोग्रामा जापोनिकम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची; तिला बहुधा कडेची आणि वरची अंडीच गाठता येतात. टेट्रास्टिकस शोनोबी मोठी, हिरवट-निळ्या चमकेची. तिची अंडी घालण्याची नळी लांब असल्याने ती केसांतून खाली पोचते. तिची एकच अळी शेजारची अंडीही खाते, म्हणजे परोपजीवी म्हणून सुरुवात करून ती भक्षक होते. टेलेनोमस शोधाची दगदगच वाचवते. ती मादी पतंगाच्या शेपटीकडील केसांना धरून बसते, पतंगाबरोबर प्रवास करते आणि पतंगाने अंडी घातली, की ताज्या, अजून न झाकलेल्या अंड्यांत आपली अंडी घालते. प्रस्तुत लेखकाच्या मते भातातील तिघींत हीच सर्वांत नोंद घेण्याजोगी. कृषी पत्रिकांत मात्र ट्रायकोग्रामाचेच नाव असते, कारण तीच प्रयोगशाळेत सहज वाढते.

लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून पुंजके नष्ट करण्याची जुनी शिफारस आहे. पुंजके जाळले तर आतल्या माश्याही मरतात. म्हणून ते बांबूच्या पिंजऱ्यात ठेवून माश्यांना बाहेर पडू द्यावे, असे सांगितले जाते.

अंड्याची पारख : ट्रायकोग्रामा अंड्यावर चढते, शृंगिका आपटत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालते आणि त्या चालीवरून अंड्याचा आकार जोखते. मोठ्या अंड्यात जास्त अंडी घालते, लहानात एखादेच. केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी १९३०च्या दशकात दाखवले, की माशी अंड्यावरून चालून गेली तरी तिचा गंध मागे राहतो आणि दुसरी माशी ते अंडे टाळते. अंडे धुतले, की ते पुन्हा स्वीकारले जाते.

थांबण्याचा काळ : एका जागी किती वेळ शोधावे, याचे गणित शार्नोव्ह यांनी १९७६ मध्ये मांडले; वाग यांनी १९७९ मध्ये प्रत्येक अंडे घातल्यावर माशीचा मुक्काम लांबतो असे सुचवले. काही जातींत तो घटतो असेही आढळले.

ट्रायकोकार्ड : शेतात ट्रायकोग्रामा सोडण्यासाठीचे कार्ड. ज्वारीच्या भरड्यावर कोर्सिरा हा तांदळावरचा पतंग वाढवतात. त्याची अंडी अतिनील प्रकाशात निर्जीव करून कार्डावर चिकटवतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडतात. एका घन सेंटिमीटरात सुमारे १८ ते २० हजार अंडी मावतात. परोपजीवी शिरलेली अंडी चौथ्या दिवसाच्या सुमारास काळी पडतात, आणि साधारण आठवड्याने माश्या निघतात. भातात हेक्टरी ५० हजार ते १ लाख माश्यांचे प्रमाण सांगितले जाते. कार्डाच्या पट्ट्या सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचतात. ही माशी फारशी उडत नाही; चालते किंवा वाऱ्याबरोबर जाते. त्यामुळे पट्ट्या दूरदूर लावल्या, तर मधले शेत माश्यांविनाच राहते. मुंग्या कार्ड फस्त करतात, आणि आसपास कीटकनाशक फवारले तर सोडणीचा उपयोग होत नाही.

कार्ड तयार करणाऱ्या प्रयोगशाळांची डोकेदुखी म्हणजे ब्रेकॉन हेबेटर, हीसुद्धा परोपजीवी माशीच. ती कोर्सिराच्या अळ्यांचा वास घेत जाळीच्या फटीतून आत शिरते, डंख मारून त्यांना लुळे करते आणि पुढची पिढी तिथेच वाढवते.

पपई : पपईवरील पिठ्या ढेकणाची नोंद भारतात २००८ मध्ये कोइमतूर येथे झाली. त्याच्यावर उपाय म्हणून २०१० मध्ये पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाई ही परोपजीवी माशी आणून बंगळूरच्या एका कीटक-संशोधन संस्थेमार्फत सोडण्यात आली.

कोष-परोपजीवी : खोडकिड्याच्या कोषात टेट्रास्टिकस हॉवर्डी ही माशी अंडी घालते.