मुलकी कोण?

"आमच्या मुलखाला एकदा या हं!" असं आपण पाहुण्याला सहज म्हणून जातो. मुलूख म्हणजे आपली माती, आपली बोली, आपली माणसं. तिथे कोणी दाखला मागत नाही. पण हाच शब्द कचेरीची पायरी चढला, की त्याचा चेहरा पालटतो.

कंधारचेच पाहा. मन्याड नदीजवळचे हे भुईकोटाचे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पलीकडे मुंबई इलाख्यात 'मुलकी' म्हणजे महसुलाचा. तिथला मुलकी पाटील सारा वसूल करी. निजामी मुलखात त्याच कामाच्या माणसाला माली पाटील म्हणत, आणि 'मुलकी' म्हणजे संस्थानचा माणूस!

सालारजंगाच्या कारभारापासून उत्तर हिंदुस्थानातले अधिकारी हैदराबादेत येऊ लागले. नोकऱ्या बाहेरच्यांना जातात, अशी कुरकुर वाढली. 1919 च्या फर्मानाने ठरले, की सरकारी नोकरी मुलकी माणसालाच, बाहेरच्याला खास मंजुरी हवी. मग मुलकी कोण? जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला, किंवा पंधरा वर्षे कायम राहून 'परत जाण्याचा विचार सोडला' असे प्रतिज्ञेवर लिहून देणारा. मुलकी माणसाशी लग्न केलेली परकी बाईही मुलकी ठरे.

आता यातली गंमत पाहा. वरंगळचा तेलुगू माणूस कंधारकराच्या बरोबरीने मुलकी. आणि सोलापूरचा मराठी सोयरा मात्र गैरमुलकी! बरं, मुलकी असून तरी कंधारच्या कुणब्याच्या पोराला काय लाभले? कारभार उर्दूत. घरची भाषा मराठी. कागदावर मुलूख त्याचा होता. कचेरीत मात्र तोच परका.

1948 साली संस्थान भारतात आले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. राज्यघटनेने नागरिकत्व एकच मानले, भारताचे. तरीही तेलंगणात मुलकी नियमांवरून वाद पेटतच राहिला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने ते नियम तिथे जिवंत असल्याचे सांगितले; अखेर 1973 साली संसदेने कायदा करून ते रद्द केले. पुढे 1984 साली याच न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्याच्या खऱ्या अर्थाने अधिवास एकच, साऱ्या भारताचा. राज्याराज्यांचा 'अधिवास' म्हणजे केवळ तिथला रहिवास.

मग जुना मुलकी संपला म्हणायचा का? कंधारचा विद्यार्थी आज अधिवासाच्या दाखल्यासाठी अर्ज करतो, तेव्हा त्याला महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. निजाम गेला, फर्मान गेले. पंधराचा आकडा मात्र राहिला.

आपल्या मुलांना सवलत मिळावी, ही इच्छा रास्तच आहे. पण दाखला हातात घेताना एवढे ध्यानी असू द्या: काल याच मोजपट्टीने सोलापूरचा सोयरा परका ठरला होता. कायद्याने किती वर्षे राहिलात ते खुशाल मोजावे. मुलूख कोणाचा, हे त्यावरून ठरवू नये.