वाडेकर खरोखर नशीबवान होते का?

अजित वाडेकर यांच्या नावाला एक विशेषण कायमचे चिकटले आहे: नशीबवान कर्णधार. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत प्रथमच कसोटी मालिका जिंकली. त्याचे स्पष्टीकरण तेव्हापासून एकच दिले जाते. कर्णधारपद एका मताने मिळाले, गावसकर नेमके त्याच वर्षी उगवले आणि ओव्हलवर चंद्रशेखर यांचा चेंडू कोणालाच कळेना. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. निष्कर्ष मात्र तपासून पाहावा असा आहे, आणि त्यासाठी मुंबईच्या कॉलेज क्रिकेटपर्यंत मागे जावे लागते.

वाडेकरांना व्हायचे होते अभियंता. एल्फिन्स्टन कॉलेजात ते विज्ञान शाखेत शिकत होते. कॉलेजला जाताना बसमध्ये त्यांना बाळू गुप्ते भेटत. हे सुभाष गुप्ते यांचे धाकटे बंधू. पुढे स्वतःही कसोटी खेळलेले लेगस्पिनर. कॉलेजच्या संघाला बारावा गडी हवा होता. गुप्त्यांनी विचारले, वाडेकर गेले. पाणी नेऊन देण्याचे तीन रुपये मिळत, आणि त्या काळच्या विद्यार्थ्याला तीन रुपये ही हसण्यावारी नेण्याची रक्कम नव्हती. नशीब म्हणायचेच असेल तर ते या बसमध्ये होते, एवढे मान्य करायला हरकत नाही.

त्यापुढची वाट मात्र मळलेली आणि खडतर होती. १९३५ पासून विद्यापीठांमध्ये रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा होत असे, आणि विद्यापीठाचा संघ हे रणजी संघाचे प्रवेशद्वार मानले जाई. शिवाय पावसाळ्यात कांगा लीग: ओली खेळपट्टी, वाढलेले गवत, चेंडू कधी उसळेल आणि कधी बसेल याचा नेम नाही. शिवाजी पार्क जिमखान्याचा फलंदाज या खेळपट्ट्यांवर धावा करत असेल, तर दादर-परळच्या प्रेक्षकाला त्याच्या तंत्राबद्दल आणखी काही सांगावे लागत नसे. वाडेकरांनी मुंबई विद्यापीठाकडून ३२४ धावांची खेळी केली. तो विक्रम पुढे त्याच विद्यापीठाच्या सुनील गावसकर यांनी ३२७ धावा करून मोडला.

१९५८-५९ च्या हंगामात वाडेकर मुंबईकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. त्या हंगामापासून मुंबईने सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. अशा संघातून धावा काढणाऱ्या या डावखुऱ्या फलंदाजाला कसोटी संघात जागा कधी मिळाली? डिसेंबर १९६६ मध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, वेस्ट इंडीजविरुद्ध. मधली आठ वर्षे गेली ती वाट पाहण्यात. नशीबवान माणसाच्या चरित्रात ही आठ वर्षे बसवणे अवघड आहे.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. वेस्ट इंडीजला जाणाऱ्या संघात दिलीप सरदेसाई हवेत, हा आग्रह त्यांचाच. सरदेसाईंची कारकीर्द संपली असे अनेकांना वाटत होते. मडगावहून मुंबईत आलेले सरदेसाई हेही मुंबई विद्यापीठाचेच खेळाडू. कर्णधार त्यांना दहा-बारा वर्षे जवळून ओळखत होता. निवड समितीसमोर होती ती फक्त अलीकडच्या डावांची आकडेवारी. त्या मालिकेत सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसाने धुऊन नेला. भारत ५ बाद ७५ वरून ३८७ पर्यंत पोहोचला, त्यात सरदेसाईंचे द्विशतक. वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० ची आघाडी लागते, त्यामुळे यजमान निश्चिंत होते. परंतु पहिला दिवस वाया गेला की नियमाने सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० ची आघाडी पुरते. हे वाडेकरांना ठाऊक होते. ते प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत गेले आणि गॅरी सोबर्स यांना पुन्हा फलंदाजी करण्यास सांगून आले. सामना अनिर्णित राहिला, पण सोबर्स, लॉइड, कन्हाय यांच्या संघावर भारताने फॉलोऑन लादला होता. मालिकेचा मानसिक निकाल येथेच लागला, असे म्हणण्यास जागा आहे.

पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, दुसऱ्या डावात चेंडू सलीम दुराणी यांच्या हाती आला. त्यांनी सोबर्सना शून्यावर त्रिफळाबाद केले. लॉइड यांचा झेल स्वतः वाडेकरांनी टिपला. दुराणींची १७ षटके, २१ धावा, २ बळी. भारत सात गडी राखून जिंकला. गावसकरांचा तो पहिला कसोटी सामना.

ओव्हलची कथा सर्वज्ञात आहे. चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी आणि इंग्लंड १०१ वर सर्वबाद. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर याने ॲलन नॉटचा झेल जमिनीलगत झेपावून घेतला, तोही याच डावात. शेवटच्या सकाळी वाडेकर एकही धाव न वाढवता ४५ वर धावबाद झाले. विजय अजून दूर होता. ते ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि झोपी गेले. जिंकल्याचे त्यांना उठवून सांगावे लागले.

१९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे हरवून सलग तिसरी मालिका जिंकली. इंदूरमध्ये काँक्रीटचा प्रचंड 'विजय बल्ला' उभा राहिला. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत सर्वबाद झाला, मालिका ०-३ अशी गेली, आणि त्याच बल्ल्याला डांबर फासले गेले. वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. पाठोपाठ त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती पत्करली आणि स्टेट बँकेतील नोकरीत लक्ष घातले. जिंकले तेव्हा श्रेय नशिबाचे होते. पराभव मात्र संपूर्ण त्यांच्या नावावर जमा झाला.

१९९३ साली इंग्लंडचा संघ भारतात आला आणि ०-३ असाच हरून परतला. त्या वेळी भारतीय संघाचे व्यवस्थापक होते अजित वाडेकर.