सिरोंचाच्या वाटेवर : आधी नदीची चौकशी, मग प्रवास

महाराष्ट्राच्या नकाशात आग्नेयेला एक निमुळते टोक तेलंगण आणि छत्तीसगड यांच्या मधोमध शिरलेले दिसते. गडचिरोली जिल्ह्याचे सिरोंचा हे तालुक्याचे गाव त्या टोकावर वसले आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयापासून ते २०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. नागपूरहून निघणाऱ्यांनी त्यात आणखी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर मिळवावेत. प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम, पैलतीरावरील कालेश्वर-मुक्तेश्वराचे देवस्थान, सोमनूरजवळ गोदावरीला येऊन मिळणारी इंद्रावती आणि वडधमचे जीवाश्म ही तेथील प्रमुख आकर्षणे होत. पोचमपल्लीच्या परिसरात १९६०च्या सुमारास सापडलेल्या महाकाय डायनासोरचे ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव तर जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. डिसेंबर २०१६ मध्ये गोदावरीवरील पूल खुला झाल्यापासून कालेश्वरमला जाण्यासाठी नावेची वाट पाहावी लागत नाही. प्रवास सोपा झाला. निसर्ग मात्र होता तसाच आहे.

सिरोंचाला जाण्यास सर्वांत अनुकूल काळ म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. मार्च उलटला की उन्हाचा चटका वाढतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात नवलाचे राहत नाही. संगमावर हे ऊन अधिकच जाचते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आक्रसतो आणि घाटापासून पाण्यापर्यंत तापलेल्या वाळूचे विस्तीर्ण पात्र तुडवावे लागते. तेथे झाड नाही, आडोसा नाही. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर मेळा याच दिवसांत भरला होता, तर मे २०२५ मध्ये कालेश्वरमला सरस्वती पुष्कर झाला. अशा पर्वणीला वृद्ध आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी स्नान सकाळी लवकर उरकावे आणि दुपारी १२ ते ४ या वेळेत पात्रात मुळीच थांबू नये. डोक्याला ओला दुपट्टा, पायात जाड तळव्यांचे पादत्राण आणि सोबत मीठ-साखरेचे पाणी अथवा ओआरएसची पाकिटे असावीत. या भागात उन्हाळ्यात आंबील पितात, तीही उत्तम. उन्हात वावरणाऱ्या माणसाचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. अशा रुग्णाला प्रथम सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब सिरोंचाच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

उन्हाने कासावीस झालेला माणूस साहजिकच पाण्याकडे धावतो आणि नेमका तेथेच फसतो. वरून संथ भासणाऱ्या प्रवाहाखाली खोल डोह असतात. वाळूचा उपसा झालेल्या जागी गुडघाभर पाण्यातून एका पावलात पुरुषभर खोलीत जाण्याचा धोका असतो. जून २०२५ मध्ये मेडीगड्डा बराजजवळ गोदावरीत उतरलेल्या सहा तरुणांचा बुडून मृत्यू झाला. तेव्हा पुराचे दिवस सुरू झालेलेही नव्हते. पोहता येते एवढ्या भरवशावर अनोळखी पात्रात उतरू नये. स्थानिक लोक ज्या घाटावर स्नान करतात तेथेच, तेही काठाला धरून राहावे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. सिरोंचाच्या आकाशात ढगही नसताना नदी चढू शकते, हे बाहेरून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. प्राणहिता ही वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून जन्मलेली नदी आहे. वर्धेत पैनगंगेचे पाणी मिसळलेले असते. म्हणजेच यवतमाळपासून भंडारा-गोंदियापर्यंत आणि त्याही पलीकडे मध्य प्रदेशातील शिवनीच्या परिसरात पडलेला पाऊस अखेर याच घाटांपाशी येतो. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खाली चपराळा, अहेरी आणि मग सिरोंचा अशा क्रमाने पाणी चढत जाते. त्याच वेळी तेलंगणातून येणारी गोदावरीही भरलेली असेल, तर प्राणहितेच्या पाण्याला पुढे सरकण्यास वाव उरत नाही आणि ते मागे फुगते. काठावर उभ्या असलेल्या पर्यटकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त हळूहळू नाहीशा होणाऱ्या पायऱ्या.

जुलै २०२२ मध्ये दोन्ही नद्या एकदम आल्या. सिरोंचा तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे रिकामी करावी लागली, शेते वाळूखाली गेली आणि खाली भद्राचलमला गोदावरीने ७१ फुटांची पातळी ओलांडली. १९८६ नंतरचा तो तेथील सर्वांत मोठा पूर होता. संगमाच्या खालच्या अंगास २०१९ मध्ये सुरू झालेल्या ८५ दरवाजांच्या मेडीगड्डा बराजमुळे पाण्याचा फुगवटा वाढतो, अशी सिरोंचातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या बराजचे काही खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. पर्यटकांनी यातून घ्यायचा बोध एवढाच, की या पात्राची पातळी केवळ पावसावर ठरत नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात जायचेच असेल, तर हवामान खात्याच्या इशाऱ्यासोबत गोसीखुर्दच्या विसर्गाची बातमीही वाचावी. २०२७ मध्ये गोदावरीचा पुष्कर आहे. त्याची आखणी करणाऱ्यांनी हे आतापासूनच ध्यानात ठेवावे.

रस्त्याचेही तसेच. आलापल्ली ते सिरोंचा हा सुमारे १०० किलोमीटरचा मार्ग बव्हंशी जंगलातून जातो. वाटेत नाले अनेक आहेत. पुलावरून पाणी वाहत असताना वाहन घालण्याचे धाडस करू नये. ओसरेपर्यंत थांबण्यात दोन-चार तास जातात, तेवढेच. इंधन आलापल्लीलाच भरून घ्यावे, मोबाइलची रेंज मधूनमधून जाते हे गृहीत धरावे आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. रात्री रस्त्यावर वन्यप्राणी येतात, हेही एक कारण आहेच. तेलंगणातील मंचेरियाल-चेन्नूर मार्गे येणाऱ्यांना प्राणहितेवरील पुलावरून थेट सिरोंचा गाठता येते.

नक्षलवादाची धास्ती अनेकांना या भागापासून दूर ठेवत आली. ती निराधार नव्हती. १९८०मध्ये या चळवळीने प्राणहिता ओलांडून याच तालुक्यातून जिल्ह्यात पाय ठेवला होता. आता चित्र बरेच पालटले असून, ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. तरीही ओळखपत्र जवळ बाळगावे, नाकाबंदीत सहकार्य करावे, पोलीस ठाणी व मदत केंद्रांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि आडवाटेच्या गावांत जाण्यापूर्वी पोलिसांकडे विचारणा करावी.

सीमेचा एक फटका मात्र अनेकांना अनपेक्षितपणे बसतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पुलापलीकडे उघडपणे मिळणारी बाटली गाडीत घालून अलीकडे आणली की तो गुन्हा ठरतो.

राज्यातील हिवतापाचे मोठ्या संख्येने रुग्ण गडचिरोलीत आढळतात आणि त्यांत मेंदूपर्यंत जाणाऱ्या घातक प्रकाराचे प्रमाण मोठे असते. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि डास पळविणारे मलम यांत हयगय करू नये. घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी, क्वचित महिन्यानेही थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण सिरोंचाला जाऊन आलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात तो ताप साधा समजला जाण्याची शक्यता असते आणि या आजारात वाया गेलेला एकेक दिवस महागात पडतो.