गुप्तहेर-खेळ : तपास वाचकाच्या हाती

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत तपास धनंजय करतो. वाचक त्याच्या मागून धावतो. १९८० च्या ‘मिस्टरी हाउस’ या संगणक-खेळाने तो तपास खेळणाऱ्याच्या हाती दिला. हेच या प्रकाराचे बळ. पण तिथे दोन शब्दांचा इंग्रजी हुकूम टंकावा लागे. नेमका शब्द सुचला नाही, तर डोक्यात सुटलेले कोडेही पडद्यावर अडून राही. जपानी ‘पोर्टोपिया’च्या १९८५ च्या आवृत्तीने ठरावीक हुकुमांची यादी पुढे ठेवली. अडचण सरली, मात्र आळीपाळीने सगळे हुकूम देऊनही तपास पुढे सरकू लागला. २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ तिघांचे काय झाले हे अचूक नोंदवल्यावरच कौल देतो. खेळणाऱ्याने विचार केला की नुसती कळ दाबली, हे ओळखण्याची धडपड अशी चाळीस वर्षे चालली आहे.